दाराआडची मुलाखत



आपला रत्नागिरी जिल्हा म्हणजे मुंबईला माणसं पुरवणारा. गिरण्यांच्या दिवसांत आपल्याकडचा गडी बोटीने मुंबईला जाई आणि सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राही. त्याला कामावर घेई कोण? मालक नव्हे, साहेबही नव्हे. घेई तो मुकादम! त्याला जॉबर म्हणत. गड्याला काम येतं का, याच्या आधी तो बघे, हा आपल्या गावचा आहे का, दस्तुरी देतो का. दस्तुरी म्हणजे लाच, दुसरं काय! तीच त्या काळची मुलाखत. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत काढली. मुकादमाचा जोर कमी झाला. संपला मात्र नाही.

आज खुर्चीवर शिकलेले साहेब बसतात. पण बंद दाराआड दहा मिनिटांत माणूस कळतो का? जो धीट, त्याचं फावतं. पहिल्यांदाच साहेबापुढे बसलेल्या पोराच्या घशाला कोरड पडते. येत असलेलं उत्तरही आठवत नाही. आणि बाहेर दलाल टपलेला असतो. ‘मुलाखतीचं मी बघतो, पैसे आणा,’ म्हणतो. आईचे दागिने त्यात जातात.

म्हणून १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने कारकून, शिपाई अशा जागांची मुलाखतच बंद केली. टंकलेखनासारखी कामाची परीक्षा घेता येते; पण तिथे फक्त पास की नापास, एवढंच पाहायचं. ग्रामीण डाकसेवकाची निवड तर दहावीच्या गुणांवर होते. गुण म्हणजे सगळा माणूस नव्हे, हे खरं. विहिरीचं पाणी ओढून अभ्यास करणाऱ्या मुलीला चार गुण कमी पडतात. तरी माप सर्वांना एकच, हे काय थोडं झालं?

खाजगी कचेरीत मुलाखत राहणारच. तिथे सर्वांना तेच प्रश्न विचारावेत. गुण तिथल्या तिथे कागदावर मांडावेत. लग्न कधी करणार, असले प्रश्न नकोत. राजापूरहून पहाटेच्या एस्टीने आलेल्या मुलीला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवू नये.

मुलांनो, प्रश्न कळला नाही तर ‘परत सांगा’ म्हणायला भिऊ नका. सरकारी मुलाखतीत आपल्याला किती गुण पडले, हे माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने विचारता येतं. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही माफ.