एका विशीतल्या तरुणाची छायाचित्रे

(शब्बाथ उतरल्यानंतरच्या सभेत केलेले भाषण)



आज ज्या छायाचित्रकाराविषयी बोलण्याचे योजिले आहे, त्याचा आपल्या कोकणाशी काहीही संबंध नव्हता. सॉलोमन युदोविन हे त्याचे नाव. जन्म १८९२, वितेब्स्कच्या परिसरातला. तेथे येहुदा पेन यांच्या हाताखाली तो चित्रकला शिकला. मार्क शागालही त्याच गुरूंचे शिष्य. १९१२ साली त्याचे नातलग, लेखक अन्स्की, यांनी त्याला एका मोहिमेवर बरोबर नेले, तेव्हा त्याचे वय अवघे वीसच्या आसपास होते.

व्होल्हिन आणि पोडोलिया या प्रांतांत, म्हणजे आजच्या युक्रेनच्या भागात, गावोगाव फिरून आपल्या लोकांच्या कथा, गाणी, चालीरीती आणि जुन्या वस्तू गोळा करणे हा त्या मोहिमेचा हेतू. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या रीतींविषयी अन्स्कींनी दोन हजारांहून अधिक प्रश्नांची यादी तयार केली होती. इतरांनी लिहून घ्यायचे, ध्वनिमुद्रण करायचे आणि युदोविनने कॅमेरा सांभाळायचा, अशी वाटणी होती. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि काम थांबले.

त्याच्या चित्रांत हेदेरमधली मुले पुस्तकावर वाकलेली दिसतात. कामात गढलेले कारागीर दिसतात, जुनी प्रार्थनामंदिरे दिसतात, कोरीव समाधिशिळा दिसतात. आज ती पाहताना कंठ दाटून येतो, कारण पुढे त्या गावांचे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे. त्याला ते ठाऊक नव्हते. त्याच्यासमोर चालते-बोलते जग होते. मुलांना पाठ म्हणायचा होता, कारागिराला हातातले काम संपवायचे होते. चित्रांत मुद्दाम आणलेली उदासी मला तरी कोठे आढळत नाही, आणि म्हणूनच, मला वाटते, ती इतकी खोल शिरतात. हुरहूर पाहणाराची असते. छायाचित्रकाराने फक्त नीट पाहिलेले असावे लागते. पुढे लेनिनग्राडमध्ये लाकडावर कोरून चित्रे छापणारा कलावंत म्हणून युदोविन नावारूपाला आला, तेव्हा तारुण्यात टिपलेल्या याच दृश्यांकडे तो पुनःपुन्हा वळला. त्याची स्वतःची हुरहूर मात्र तेथे दिसते.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या घरांतील जुनी चित्रे बहुधा मुंबईच्या स्टुडिओंतली. मागे रंगवलेला पडदा, आजोबा खुर्चीवर, आजी खांद्यावर हात ठेवून उभी, दोघेही श्वास रोखून! ती मला प्रिय आहेत. पण त्यांत घर नाही, अंगण नाही, घाणा नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना अवघे कोकण ‘शनवार तेली’ म्हणत असे, त्यांच्या वंशजांपैकी किती जणांकडे त्या घाण्याचे एक तरी चित्र असेल? रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर या आडनावांनी गाव जपले. चित्रांनी ते फारसे जपले नाही.

आणि जी आहेत, त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत. गेल्या वर्षी आमच्या आत्याबाई निवर्तल्या. त्यांच्या पेटीत एका लग्नाचे चित्र निघाले. त्यात सव्वीस माणसे आहेत. चौघांची नावे आम्हाला सांगता आली. उरलेले बावीस आपलेच कोणीतरी आहेत, एवढेच.

आपल्या तरुण मुलामुलींच्या हातांतील फोन युदोविनच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी सोयीचे आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, मलिद्याच्या दिवशी सजवलेल्या ताटाचे चित्र तुम्ही काढताच. थोडे आधी स्वयंपाकघरात जा. पोहे भिजवणारे, नारळ खवणारे, गूळ चिरणारे हात टिपा. आजीला ‘इकडे बघ’ म्हणू नका. तिला काम करू द्या आणि तिचे बोलणे चालू असेल तर तेही ध्वनिमुद्रित करा.

पुढच्या सभेला प्रत्येक घराने एकेक जुने चित्र आणावे. सत्तरीपुढच्या मंडळींना आपण मध्ये बसवू आणि त्या सांगतील ती नावे चित्रांच्या पाठीवर लिहू. शाई कागदातून उमटते, म्हणून मऊ पेन्सिली मी घेऊन येईन.