हातांतल्या यंत्रांतील गोष्टी

पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत खडू हातांत धरून उभा राहिलेल्या माझ्यासारख्या माणसानें मुलांच्या खेळयंत्रांवर बोलावें, हें आपणांपैकीं पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. दोन वर्षांपूर्वीं मलाही तें तसेंच वाटलें असतें. माझें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं, आणि यंत्रांशीं माझा परिचय घरांतल्या रेडिओपलीकडे फारसा नाहीं. परंतु गोष्ट भरीव कोणती आणि पोकळ कोणती, हें पारखण्याचें काम मात्र मीं जन्मभर केलें आहे. शनिवारच्या शेवटच्या तासाला घंटेकडे कान लावून बसलेलीं मुलें ज्या गोष्टीनें घंटा विसरतात, ती गोष्ट चांगली, ही माझी साधी कसोटी. त्याच कसोटीवर, हातांत धरून खेळावयाच्या यंत्रांतील भूमिका-खेळांच्या कांहीं गोष्टी आज आपणांपुढें ठेवावयाच्या आहेत.

मी या विषयाकडे वळलों तो माझ्या हातून घडलेल्या एका अपराधामुळें. माझ्या पुतण्यानें परदेशाहून येतांना आपलें जुनें ‘निंटेन्डो डीएस’ माझ्या नातवाला आणून दिलें. पुस्तकासारखें मिटणारें, वर एक व खालीं एक असे दोन पडदे असलेलें हें यंत्र घेऊन अकरा वर्षांचा हा मुलगा उन्हाळ्याची सगळी सुटी ओसरीच्या कोपऱ्यांत बसून राही. “डोळे जातील, बुद्धि जाईल,” हा माझा जप दिवसांतून दोनदां तरी होई. एके दुपारीं तो झोपला असतां, यांत आहे तरी काय, म्हणून मीं तें उघडलें आणि नव्यानें खेळ सुरू केला. कांहीं वेळानें पडद्यावरील एका धर्मोपदेशकानें “वाटचाल नोंदवूं का?” असें अदबीनें विचारलें. शिक्षकाला नोंदवहीचें महत्त्व काय सांगावें! मीं तितक्याच अदबीनें होकार दिला. माझी नोंद नातवाच्या नोंदीवर बसली आणि त्याची दीड महिन्याची वाटचाल पुसली गेली.

संध्याकाळीं त्याला तें कळलें. तो रडला नाहीं, ओरडला नाहीं. यंत्र मिटून त्यानें माझ्या टेबलावर ठेवलें आणि म्हणाला, “आजोबा, त्याचं नुकतंच लग्न झालं होतं.”

पोरगा राक्षस मारीत बसला आहे, अशा समजुतींत मी इतके दिवस होतों. त्याच्या लेखीं मात्र एक संसार मोडला होता. त्या रात्रीं मला नीट झोप लागली नाहीं. सकाळीं मीं त्याला म्हटलें, “बाळ, पहिल्यापासून सुरू करूं. तूं यंत्र धर, मी वाचून दाखवितों.” पडद्यावरचा इंग्रजी मजकूर मी मराठींत सांगे आणि तो बटणें दाबी. अशा रीतीनें, साठी उलटल्यावर, मी या शाळेंत दाखल झालों.

प्रथम ‘भूमिका-खेळ’ म्हणजे काय तें सांगतों. यांत खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, पुष्कळदां त्याला स्वतःचेंच नांव देतो, सोबती जमवितो, गांवोगांव हिंडतो, लोकांशीं बोलतो, आणि अनुभवाबरोबर त्या पात्राचें बळ वाढत जातें. जपानांत ही पद्धति घरोघर रुजविली ती युजी होरी यांच्या १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नें. १९८९ सालीं निंटेन्डोचा ‘गेम बॉय’ निघाला. १९९६ सालीं त्याच यंत्रावर जपानांत ‘पोकेमॉन’ आला आणि पुढें तो जगभरच्या मुलांच्या खिशांत जाऊन बसला. २००४ सालीं निंटेन्डो डीएस व सोनीचें ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ हीं दोन यंत्रें निघालीं, आणि २०१७ सालीं ‘निंटेन्डो स्विच’. लांबलचक गोष्टीला हें लहान यंत्र मानवतें, याचें कारण पोथीवरून कळतें. पोथी जशी रोज एक अध्याय वाचून, खूण घालून मिटावी, तसें हेंही मिटतां येतें. आणि जें रोज थोडें थोडें सोबत राहतें, त्याच्याशीं माणसाचा घरोबा होतो.

माझ्या नातवाचा खेळ म्हणजे ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेचा पांचवा भाग. मूळ खेळ १९९२ सालचा; डीएसवर तो २००८ सालीं जपानांत आणि पुढच्या वर्षीं इंग्रजींत आला. यांतला नायक आपणांस प्रथम भेटतो तो वडिलांबरोबर प्रवास करणारा एक लहान मुलगा म्हणून. वडील मोठे शूर. वाटेंत झटापट झाली कीं आधीं मुलाची जखम बरी करितात, मग पुढें चालतात. पुढें एका पडक्या वास्तूंत एक मायावी त्या मुलाच्या गळ्याशीं शस्त्र लावतो. वडील आपला हात आवरतात आणि मुलाचा जीव वांचावा म्हणून प्रहार सोसत सोसत मरण पत्करितात. मरतांना सांगतात, “तुझी आई जिवंत आहे.” खेळणाऱ्याच्या बोटांखालीं सगळीं बटणें असतात, परंतु त्या वेळीं त्यांचा कांहीं उपयोग नसतो. माझा नातू हा प्रसंग दुसऱ्यांदां पाहत होता. तरी येथें त्यानें यंत्र माझ्या हातांत दिलें आणि तो पाणी पिण्यासाठीं आंत निघून गेला.

मुलगा दहा वर्षें गुलामगिरींत काढतो, सुटतो, आणि वडिलांनीं जपून ठेविलेली एक दिव्य तलवार त्याला सांपडते. जगाला तारणाऱ्या वीराची ती तलवार. पण ती त्याला पेलत नाहीं. पुढें लग्नाचा प्रश्न येतो. बालपणची मैत्रीण करावी कीं श्रीमंत घरची मुलगी, हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें. लग्न होतें, जुळीं मुलें होतात, आणि तोंच शत्रूच्या मायेनें नायकाचा दगडी पुतळा होतो. आठ वर्षें तो एका घराच्या अंगणांत शोभेसाठीं उभा आहे. ऋतु येतात आणि जातात, त्या घरांतलें तान्हें मूल वाढतांना तो पाहतो, आणि स्वतःचीं मुलें कोठें आहेत हें त्याला ठाऊक नाहीं. शेवटीं त्याचीं मुलेंच त्याला शोधून काढतात, आणि ती तलवार पेलते त्याच्या मुलाला. इतके दिवस आपण ज्याची भूमिका करीत आलों, तो जगाचा तारणहार नव्हेच. तो तारणहाराचा बाप.

श्रोतेहो, जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना वर चढवून स्वतः त्याच फळ्यापुढें उभा राहिलेल्या माणसाला येथें काय वाटलें असेल, तें मी सांगत बसत नाहीं. इतकेंच सांगतों कीं, एके ठिकाणीं हा मोठा झालेला नायक एका चित्रावाटे आपल्या बालपणच्या गांवीं जातो. तेथें त्याचे वडील अजून जिवंत आहेत. तो त्यांना सावध करितो. तरीही घडावयाचें तें टळत नाहीं. त्या दिवशीं ओसरीवर आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलों होतों. निवड कोठें आपल्या हातीं आहे आणि कोठें नाहीं, हें अकरा वर्षांच्या मुलाला मला कोणत्याही पाठांतून इतक्या चांगल्या रीतीनें शिकवितां आलें नसतें.

दुसरी गोष्ट इतिहासाची. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हा मूळ १९९७ सालचा खेळ. प्लेस्टेशन पोर्टेबलवर तो २००७ सालीं ‘द वॉर ऑफ द लायन्स’ या नांवानें आला. पुतण्या सुटीवर आला असतां त्यानें मला तो शेजारीं बसवून दाखविला. राम्झा हा सरदारपुत्र आणि डेलिटा हा सामान्य घरचा मुलगा, दोघे एकत्र वाढलेले. डेलिटाची बहीण सरदारांच्या हिशेबीपणापायीं मारली जाते, आणि तेथून दोघांचे मार्ग फुटतात. पुढें गादीसाठीं झालेल्या यादवींत डेलिटा माणसांना प्याद्यांसारखा वापरीत राजा होतो आणि बखरी त्याचे गोडवे गातात. सचोटीनें लढलेल्या राम्झाच्या कपाळीं पाखंडी हा शिक्का बसतो. हें सर्व आपणांस सांगतो तो चारशें वर्षांनंतरचा एक इतिहाससंशोधक, आणि ज्या कागदपत्रांवरून तो सांगतो तीं धर्मपीठानें दडपलेलीं होतीं. इतिहास कोणी लिहिला आणि कोणाला तो लिहूं दिला नाहीं, हा प्रश्न मुलांपुढें मांडण्यास मला पुष्कळ वर्षें योग्य गोष्ट मिळत नव्हती. ती अशा ठिकाणीं मिळेल असें वाटलें नव्हतें.

तिसरी गोष्ट मला पुतण्यानें तोंडीं सांगितली, आणि तोंडी सांगूनही ती टिकली, म्हणून तिला मी वरचा नंबर देतों. ‘मदर ३’ हा खेळ २००६ सालीं गेम बॉय ॲडव्हान्स या यंत्रावर निघाला. लेखक शिगेसातो इतोई. जाहिरातींतील नेमक्या वाक्यांसाठीं जपानांत हे प्रसिद्ध. एका गांवांत पैसा म्हणजे काय हें कोणालाच ठाऊक नाहीं. गोष्टीच्या आरंभींच जुळ्या मुलांची आई मरते. शेकोटीभोंवतीं बसलेल्या गांवकऱ्यांत एक जण ती बातमी वडिलांना सांगतो, आणि तो शांत मनुष्य दुःखानें बेभान होऊन आपल्याच शेजाऱ्यांवर हात उगारतो. मग बाहेरचे लोक गांवांत पैसा आणतात, घरोघर एक सुखाची पेटी आणून ठेवतात, आणि पाहतां पाहतां गांव आपला उरत नाहीं. शेवटची लढाई भावाभावांची आहे. ती प्रहार करून जिंकतां येत नाहीं. हा खेळ निघाला तो केवळ जपानी भाषेंत. तेव्हां इंग्रजी जाणणाऱ्या चाहत्यांनीं एकत्र येऊन त्याचें भाषांतर केलें आणि २००८ सालीं तें सर्वांना फुकट दिलें. आवडलेली गोष्ट आपल्या भाषेंत असावी, याची ज्यांना इतकी तहान लागते, त्यांना मी मनोमन नमस्कार केला.

आणि येथें आपल्या दाराशीं येतों. पुण्याच्या ‘नोडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळीनें ‘राजी’ नांवाचा खेळ केला. २०२० च्या ऑगस्टमध्यें तो प्रथम निंटेन्डो स्विचवर आला. काटेकोरपणें पाहतां हा भूमिका-खेळ नव्हे, साहस-खेळ आहे. राक्षसांनीं पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधावयास निघालेली डोंबाऱ्याच्या खेळांतली एक मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णु. मधल्या कथाप्रसंगांत छायाबाहुल्या हलतात, भिंतींवरील चित्रें पुराणकथा बोलतात. वास्तु अत्यंत देखणी. गोष्ट मात्र ऐन रंगांत आली असतां तुटल्यासारखी संपते. शनिवारच्या तासाला मुलांनीं “मग पुढें?” असें विचारलें असतें आणि गुरुजींस उत्तर देतां आलें नसतें. तरीही आपल्याकडे असें होऊं शकतें, हें त्यांनीं दाखविलें, हें थोडें नाहीं.

कारण, श्रोतेहो, हातांत धरून सांगावयाच्या चित्रांचा धंदा आपणांस नवा नाहीं. आपल्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील पैठणचें नांव चित्रकथींच्या एका चित्रशैलीला मिळालें आहे. तिकडे सिंधुदुर्गांत कुडाळजवळ पिंगुळीस ठाकर समाजानें चित्रकथी आणि छायाबाहुल्या अजून जिवंत ठेविल्या आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. चित्रकथी एकेक चित्र हातांत उचलून धरी आणि रामायण-महाभारत सांगे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत विश्वंतर जातक भिंतीवर आहे. हत्ती, रथ, अखेर पोटचीं मुलेंही दान करणारा तो राजपुत्र पाहत आपण पावलें टाकतों, तेव्हां गोष्ट आपल्या पायांनीं पुढें सरकते. चित्र, निवेदन आणि पाहणाऱ्याची वाटचाल, हीं तिन्ही आपल्यापाशीं शतकानुशतकें आहेत. ‘राजी’ प्रथम इंग्रजी बोलली, पुढें हिंदीही बोलूं लागली. तिनें मराठी बोलावें एवढीच माझी इच्छा आहे.

आतां उणें तेंही सांगितलें पाहिजे. या खेळांतील बराच वेळ त्याच त्या लढायांत जातो. गोष्टीचा एक घांस मिळावा म्हणून खेळणाऱ्याला पुष्कळ भुसा चावावा लागतो. यंत्रें महाग आहेत. आणि लहान पडद्यावर तासन् तास नजर लावणें चांगलें नव्हे, हा माझा जुना जप मीं सोडलेला नाहीं. आमच्या घरीं संध्याकाळचा एक तास ठरला आहे आणि सूनबाईंचें घड्याळ त्यावर लक्ष ठेवतें. शिवाय सगळ्याच खेळांत गोष्ट असते असेंही नाहीं. यंत्र बंद केल्यावर मुलाला ती स्वतःच्या शब्दांत सांगतां आली तर ती होती, नाहीं तर नव्हती. आज रात्रीं आपल्या घरच्या मुलाला “किती जिंकलास?” असें विचारूं नका, “पुढें काय झालें?” असें विचारा. उत्तरावरून खेळाची परीक्षा आपोआप होईल.

आमची वाटचाल आपणांस कळावी म्हणून सांगतों. गेल्या पावसाळ्यांत आम्ही पुन्हां त्या लग्नापर्यंत पोंचलों. व्यवहाराचा विचार करून मीं श्रीमंत घरची मुलगी सुचविली. नातू म्हणाला, “नाही आजोबा, तीच. लहानपणीची.” मीं मुकाट्यानें मान्य केलें, त्या घरचें एक लग्न माझ्याच हातून मोडलें होतें. धर्मोपदेशकानें नोंदीविषयीं विचारलें, तेव्हां बटण त्यानेंच दाबलें. मग यंत्र मिटून त्यानें माझ्या हातांत दिलें आणि म्हणाला, “तुमच्याजवळच ठेवा.”

श्रोतेहो, माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरींत मला यापेक्षां मोठें प्रशस्तिपत्र मिळालेलें नाहीं.