गर्भस्थ अपत्याचा वांटा



दुष्काळांत किती मुखीं अन्न पडलें याचा हिशेब समिति आपणांपुढें मांडीतच असते. परंतु ज्यांचें मुख जगानें अद्याप पाहिलेंच नाहीं, त्यांचें काय? १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याचें २० वें कलम गर्भस्थ अपत्याला, तें जिवंत जन्मल्यास, मिळकतींत वांटा देतें. मदतीच्या धान्यांतही त्याचा वांटा असावा, असें आमचें म्हणणें आहे.

ही केवळ दयेची गोष्ट नव्हे. तिला पुरावा आहे, आणि तो प्रथम दूर देशाचा घेऊं. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मन सैन्यानें अन्नाची वाहतूक रोखल्यानें हॉलंडच्या पश्चिम भागांत घोर उपासमार झाली. मे १९४५ मध्यें देश मुक्त झाला व लोक लौकरच पोटभर जेवूं लागले. त्यामुळें त्या थोड्या महिन्यांचा परिणाम निराळा काढून पाहतां आला. तेव्हां गर्भांत असलेलीं मुलें पन्नाशीला आल्यावर तपासलीं, तों त्यांची साखर पचविण्याची शक्ति मंदावलेली आढळली. हा वृत्तांत १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. गर्भाच्या आरंभींच ज्यांना उपास घडला, त्यांत पुढें हृदयविकारही अधिक दिसला.

असें कां व्हावें? हेल्स व बार्कर या ब्रिटिश संशोधकांनीं १९९२ सालीं असें मत मांडलें कीं, अन्न तुटपुंजें असतां गर्भ मेंदूला आधीं पोसतो व इतर इंद्रियांच्या बाबतींत काटकसर करतो. उत्क्रांतीच्या न्यायासनापुढें ही काटकसर मान्य ठरते. कारण तेथें प्रश्न एवढाच कीं, प्राणी जगून संतति वाढवितो काय. उतारवयांतला मधुमेह तेथें पुराव्यांत फारसा घेतला जात नाहीं. ही पुढील टंचाईची पूर्वतयारी कीं निव्वळ तात्कालिक बचाव, याविषयीं विद्वानांत वाद आहे. आमच्या कामाला दोन्ही पक्ष सारखेच.

आतां घराजवळचा पुरावा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांची पाहणी केली. तेथील बालकांचें सरासरी जन्मवजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांत साउदॅम्प्टन येथें ३.५ किलो. आपलीं बालकें मांसानें कृश, पण चरबी मात्र बरीचशी राखलेली! आणि येथें दात्यांनीं विशेष लक्ष द्यावें: ज्या माता पालेभाज्या, फळें व दूध वरचेवर घेत, त्यांचीं बालकें अधिक भरलेलीं होतीं.

म्हणून नुसत्या ज्वारीच्या पोत्यांनीं आमचें समाधान होत नाहीं. दुष्काळी कामावर माती वाहणाऱ्या प्रत्येक गर्भवतीस रोज दूध व पालेभाजी देण्याकरितां आम्ही निराळा निधि काढीत आहों. व्यापाऱ्यांनीं रोख द्यावी. दुभतें असणाऱ्यांनीं दूध द्यावें. ज्यांच्या विहिरीस अद्याप पाणी आहे त्या बागाईतदारांनीं मेथी-चुक्याचा एखादा वाफा समितीसाठीं राखावा. देणगी पोंचतांच कोषाध्यक्षांची रीतसर पावती मिळेल.