हाकेला ओ : वऱ्हाडातील पक्षीबोलीचा वारसा

(वन्यजीव सप्ताहानिमित्त दिलेले भाषण)

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या शिवारात पहाटे उभे राहिले, तर दिवस उजाडण्यापूर्वीच तितराची हाक कानी येते. एका धुऱ्यावरून ती उठते आणि काही क्षणांतच पलीकडच्या धुऱ्यावरून तिला उत्तर मिळते. ऐकणाऱ्यास हा सुखसंवाद वाटतो. वस्तुतः ते हद्दीचे भांडण असते. आपण निवडलेल्या झुडपांच्या पट्ट्यात दुसऱ्या नराचा आवाज उमटलेला नर तितरास खपत नाही. तो मान उंचावून उत्तर देतो आणि वेळ पडली तर आवाजाच्या दिशेने धावूनही जातो. निसर्गातील ही साधी गोष्ट वऱ्हाडच्या फासेपारधी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखली होती आणि तिच्याच आधारावर आपला चरितार्थ उभारला होता.

हाक आणि फासा

अमरावती, अकोला आणि पूर्वी अकोला जिल्ह्याचाच भाग असलेला वाशिम या जिल्ह्यांत फासेपारध्यांचे बेडे आहेत. या समाजाचे नावच त्याच्या साधनावरून पडले. बांबूच्या बारीक खुंट्या, त्यांना बांधलेले घोड्याच्या केसांचे पीळदार फास आणि अशा फासांची गवतात लावलेली ओळ, एवढीच त्याची सामग्री. परंतु फासा हा या विद्येचा उत्तरार्ध होय. पक्षी फाशापर्यंत यावा कसा, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर पारध्याच्या कंठात होते. कधी पिंजऱ्यात पाळलेला बोलका तितर सोबतीस असे, कधी केवळ ओठ, जीभ आणि तळहाताची ओंजळ.

नुसती नक्कल केल्याने पक्षी येत नाही. कोणत्या ऋतूत कोणती हाक द्यावी, नर कोणत्या हाकेने चिडतो आणि मादी कोणत्या हाकेने जवळ येते, वारा कोणीकडून वाहतो, हे सर्व ध्यानी घ्यावे लागते. हाकेइतकीच हाकेनंतरची स्तब्धता महत्त्वाची असते. ही विद्या कोणत्याही पाठशाळेत शिकविली जात नसे. बापामागे माळरान तुडविणारे पोर ती कानाने शिके. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या, मध्य प्रांतातील जातीजमातींवरील रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या ग्रंथात पारध्यांच्या या कसबाची आणि त्यांच्यातील, जात्याला टाकी लावणाऱ्या टाकणकरांची नोंद आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही हे कौशल्य अभ्यासकांच्या नजरेत भरले होते.

लाकडाला कंठ फुटतो तेव्हा

पक्ष्याला हाकेने बोलाविण्याची कला जगात इतरत्रही आहे. काही देशांत ती माणसाच्या कंठातून लाकडात उतरली. अमेरिकेत बदकाच्या हाकेसाठी खरादावर कातलेली दोन तुकड्यांची नळी वापरतात. बाहेरचा तुकडा पोकळ असतो. आत बसणाऱ्या खुंटीवर एक खाच कोरलेली असून त्या खाचेवर पातळ पत्ती बसविलेली असते. फुंकर मारली की पत्ती थरथरते आणि नळीचा पोकळ भाग त्या थरथरीला घोगरा किंवा मोकळा सूर देतो. दुसऱ्या एका प्रकारात बर्च लाकडाच्या लहानशा तुकड्यात धातूची खुंटी बसवितात. ती राळ लावून हलकेच पिळली की लाकूड आणि धातू यांच्या घर्षणातून चिवचिव उमटते. पक्षिनिरीक्षकांच्या खिशात मावणारे हे साधन फुंकरीवाचून बोलते.

यांपैकी नळीच्या साधनांमागील शास्त्र सोपे आहे. नळी जितकी आखूड तितका सूर उंच. एका टोकाशी बंद असलेली साडेआठ सेंटिमीटर लांबीची नळी वाजविली, तर हवेची सेकंदाला सुमारे १,००० कंपने होतात. तिची लांबी निम्मी केली की कंपने दुप्पट होतात. भोक सरळ आणि आतून गुळगुळीत असले तर सूर स्वच्छ येतो. खडबडीत राहिले तर वारा फुसफुसतो. म्हणूनच येथे कातारी लागतो. आधी लाकूड गोल करून घेणे, मग मध्य साधून भोक पाडणे, त्यानंतर बाहेरचा घाट उतरविणे आणि शेवटी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढविणे, असा त्याच्या कामाचा क्रम असतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर तिचा पातळ थर बसतो.

वऱ्हाडातील पारध्याने आपला भार मुख्यतः स्वतःच्या कंठावरच ठेवला. परंतु त्या कामास लागणारे लाकूड आणि हात या भूमीत आहेत. मेळघाटच्या सागाच्या रानात हळदू आणि काळा कुडा हे वृक्षही वाढतात. हळदूचे पिवळसर, घट्ट पोताचे लाकूड कातकामास उत्तम. काळ्या कुड्याचे पांढरे लाकूड कर्नाटकातील चन्नपट्टणच्या प्रसिद्ध खेळण्यांसाठी वापरले जाते. आपल्या सावंतवाडीची लाखेच्या रंगातील लाकडी खेळणी तर सर्वांच्या परिचयाची आहेत. लाटणे, भोवरा, पाळण्याचे खांब आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची चाके कातणाऱ्या हाताला शिट्टी कातणे अवघड नाही.

कायदा आणि कलंक

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भारतातील अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारधी समाजासही त्याची झळ पोहोचली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि महाराष्ट्रात फासेपारध्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, तरी लोकांच्या मनातील संशय तितक्या लवकर पुसला गेला नाही, हे मान्य केले पाहिजे.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. या कायद्याच्या व्याख्येनुसार बंदुकीने मारणे तेवढीच शिकार नव्हे. फासे लावणे, जाळ्यात पकडणे, आमिष दाखविणे आणि तसा प्रयत्न करणे, हीदेखील शिकारच होय. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही जवळजवळ संपुष्टात आली. हा कायदा आवश्यक होता, याविषयी दुमत असू नये. माळराने नांगराखाली गेली, गवत संपले, पक्षी घटले. अशा वेळी फाशांना मोकळीक देणे परवडणारे नव्हते.

परंतु कायद्याने फासा काढून घेतला, तेव्हा त्यामागची विद्याही निरुपयोगी ठरली. म्हाताऱ्या पारध्याने नातवाला तितराची बोली शिकवावी, तर ती कशासाठी? नातवाने ती शिकली, तर पाहणारा तिच्याकडे गुन्ह्याची पूर्वतयारी म्हणूनच पाहील. अशा रीतीने एक दुर्मिळ ज्ञान कायद्याच्या आणि कलंकाच्या कात्रीत सापडले. ते टिकवावयाचे असेल तर त्याला दुसरे काम दिले पाहिजे. असे काम आहे, हे वऱ्हाडातच दिसून आले आहे.

हरवलेला पिंगळा

पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. त्याच नावाचा एक पक्षी, रानपिंगळा, शास्त्रज्ञांच्या लेखी शतकाहून अधिक काळ हरवलेला होता. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना कोणास मिळाला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सातपुड्यात, शहादा परिसरात पुन्हा दिसला. त्यानंतर त्याच्या हाकांचा अभ्यास झाला. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या शोधकार्यातून तो मेळघाटातही असल्याचे २००० साली पुढे आले. आज मेळघाट हे त्याच्या मोजक्या आश्रयस्थानांपैकी एक प्रमुख स्थान मानले जाते.

या पक्ष्याच्या पुढील सर्वेक्षणांत संशोधकांनी वापरलेली रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. ध्वनिमुद्रित हाक रानात ऐकवावयाची, थांबावयाचे, आणि उत्तर येते काय ते ऐकावयाचे. उत्तर आले की जागा आणि वेळ टिपून ठेवावयाची. पहाटेच्या माळावर पारधी जे करीत असे, तेच हे. फरक इतकाच की हाकेच्या शेवटी फास नसून नोंदवही असते.

माळरानाचे राखणदार

दुसरे उदाहरण तणमोराचे. पावसाळ्यात गवतातून उभी उसळी घेऊन पंखांचा खडखडाट करणारा हा पक्षी आज अत्यंत संकटग्रस्त गणला जातो. अकोला आणि वाशिम जिल्ह्यांतील गवताळ माळ हे त्याच्या विदर्भातील ठिकाणांपैकी होत. कारंजा (लाड) येथील संवेदना या संस्थेने फासेपारधी समाजाला सोबत घेऊन तणमोराच्या आणि माळरानाच्या रक्षणाचे काम केले. ज्यांच्या वाडवडिलांनी गवतातील प्रत्येक पायवाट पक्षी धरण्यासाठी ओळखली, त्यांनीच ती पक्षी राखण्यासाठी वापरली. मादी घरट्याकडे कशी वळसे घेत परतते, हे ओळखण्यास केवळ दुर्बीण पुरत नाही. त्याला त्या माळावर वाढलेला डोळा लागतो.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पात सेवा केलेले वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनीही रानात राहणाऱ्यांचे हे ज्ञान आदराने ऐकले आणि आपल्या पक्षिकोशात पक्ष्यांच्या लोकनामांना स्थान दिले. २०२५ मध्ये पद्मश्रीने गौरविलेल्या या पक्षितज्ज्ञाचे त्याच वर्षी निधन झाले. त्यांच्या कार्याचा धडा असा की, ज्ञान कोणाच्या घरी आहे हे पाहून त्याची किंमत ठरवू नये.

आता करावयाचे काम

पहिली गोष्ट नोंदीची. वृद्ध पारध्यांच्या कंठातील हाका, त्या हाकांचे ऋतू आणि पक्ष्यांची त्यांच्या बोलीतील नावे ध्वनिमुद्रित करून ठेवली पाहिजेत. ते करताना त्यांचे नाव आणि त्यांचा मोबदला, दोन्ही त्यांना मिळाले पाहिजेत.

दुसरी गोष्ट रोजगाराची. पक्षिगणना, माळरानाची राखण आणि पर्यटकांना मार्गदर्शन या कामांत या कानांना आणि डोळ्यांना अग्रक्रम मिळावा. त्यासाठी पदवीची अट आड येऊ नये.

तिसरी गोष्ट कातारी बांधवांची. शाळेतील मुलांना ध्वनीचा पाठ शिकविण्यासाठी कातलेल्या लाकडी शिट्ट्यांसारखे साधन नाही. लांब-आखूड चार नळ्या वाजवून पाहिल्या की कंपनसंख्येचा नियम मुलाच्या कानात बसतो. सुतार आणि पारंपरिक खेळणी करणारे कारागीर यांचा समावेश २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत आहे. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज यांची तरतूद करण्यात आली. गरजू कारागिरांनी या योजनेची चौकशी अवश्य करावी.

शेवटची गोष्ट सावधगिरीची. ही शिट्टी वर्गात वाजवावी, रानात नेऊ नये. हल्ली छायाचित्रासाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला वारंवार बोलाविण्याची हौस वाढली आहे. नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यात नर थकतो, विणीच्या काळात घरटे उघडे पडते आणि नेमके तेव्हाच शत्रूचे फावते. ध्वनिमुद्रित हाका लावून लावे पकडणारे तर सरळसरळ गुन्हा करतात. रीतसर परवानगीने, अभ्यासासाठी दिलेली एक हाक आणि हौसेखातर दिलेल्या शंभर हाका यांत फार मोठे अंतर आहे. जुन्या पारध्याला हाकेचे मोल ठाऊक होते. तो ती उधळीत नसे.

बंधुभगिनींनो, धुऱ्यावरचा तितर उद्याही पहाटे हाक देईल. त्याला पलीकडच्या धुऱ्यावरून ओ मिळावी, यासाठी गवत राहिले पाहिजे, पक्षी राहिला पाहिजे, आणि त्या दोघांची बोली जाणणारा माणूसही सन्मानाने राहिला पाहिजे. या तिन्हींचे रक्षण एकाच वेळी करावयाचे आहे, एवढे या सप्ताहात आपण ध्यानी घेतले तरी पुष्कळ झाले.