सुटून आलेल्यांची तारीख



भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 आपल्या प्रत्येक पाड्यावर माहीत व्हायला हवे. 1 जुलै 2024 पासून ही संहिता लागू आहे. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करणे हे तुरुंग अधीक्षकाचे काम आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांनाही ही सवलत नाही.

पण सुटका म्हणजे खटला संपणे नव्हे. माणूस पाड्यावर येतो, हाताला काम नसते, तालुक्याला जायला भाडे नसते. तारीख चुकली की वॉरंट निघते आणि तो पुन्हा आत जातो.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या मंडळीने अशा एकेका कुटुंबाची तारीख वहीत लिहून ठेवावी. त्या दिवशी कुणीतरी सोबत जावे. ज्याची शेती आहे त्याने त्याला मजुरीला बोलवावे. दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. सोबत करणे आपले.