‘प’ आणि ‘फ’



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते आम्हांला ओठांसमोर कागदाचा कपटा धरावयास लावीत. ‘पूल’ म्हटले की कपटा स्थिर राही. ‘फूल’ म्हटले की हले. रेल्वे नसलेल्या निपाणीतील आम्हां पोरांना त्याचे हसू येई.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत परळ व एल्फिन्स्टन रोड (आजचे प्रभादेवी) स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर, पावसामुळे खोळंबलेल्या गर्दीत चेंगरून किमान २३ माणसे गेली. ‘फूल पडले’ हे कुणीतरी ‘पूल पडला’ असे ऐकले, असे वाचलेल्या एका मुलीने सांगितल्याचे वृत्तपत्रांत आले. वाचताना तो कपटा मला आठवला. अर्थात पूल रुंद असता तर नुसत्या चुकीच्या ऐकण्याने इतके जीव गेले नसते. शब्दावर खापर फोडून जबाबदारांना मोकळे सोडू नये. लष्कराने फेब्रुवारी २०१८ पर्यंत तेथे नवा पूल उभारलाच की!

१५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर १८ जण गेले. ‘प्रयागराज एक्स्प्रेस’ व ‘प्रयागराज स्पेशल’ या नामसाम्याने घोटाळा झाला, असे पोलिसांचे म्हणणे होते.

आपण सीमाभागातली माणसे. घरी मराठी, बाजारात कन्नड. फलाट बदलल्याची घोषणा न उमगल्याने बोचके सावरीत गर्दीमागे धावणारी म्हातारी मी एका स्थानकावर पाहिली आहे. तिने शब्द ऐकले होते. पण पुढच्या माणसाच्या पाठीवरच तिचा भरवसा होता. घोषणा सावकाश, दोनदा आणि तिच्या भाषेतही व्हावी. ती करणाऱ्याला आधी कपट्यासमोर बसवावे, एवढीच माझी सूचना आहे.