वाईत आपले स्वागत असो

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक आणि गावोगावहून आलेल्या शिक्षक बंधुभगिनींनो,

कृष्णाकाठच्या वाईत आपले मनःपूर्वक स्वागत. महाभारतातली विराटनगरी ती हीच, असे आम्ही वाईकर मानतो. पुरावा मागू नये. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू मात्र पाहून जा. पुराचे पाणी दुभंगावे म्हणून ती माशाच्या आकाराची बांधली आहे.

परिषद ‘समाजमाध्यमे आणि अध्यापन’ यावर आहे, हे मी विसरलेलो नाही. पण वाईत येऊन नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही. प्राज्ञपाठशाळा त्यांची, सात खंडांचा मीमांसाकोश त्यांचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री त्यांचेच शिष्य. तर्कतीर्थांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश याच गावात आकाराला आला आणि 1976 साली त्याचा पहिला खंड निघाला. आज तो तुमच्या मोबाईलवर फुकट वाचता येतो. परिषदेशी आमचा संबंध एवढाच. आम्हाला तो पुष्कळ वाटतो.

1917 च्या सुमारास विनोबाही नारायणशास्त्रींकडे शिकायला आले होते. इथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वाचनालय काढले. पैसे नव्हते, तेव्हा मुलांना घेऊन ते जात्यावर लोकांचे दळण दळत. दोन शेराला एक पैसा. अनुदानाचा अर्ज केल्याचे ऐकिवात नाही.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल, दीक्षा अ‍ॅपबद्दल, परितेवाडीच्या डिसले गुरुजींबद्दल जाणकार बोलतीलच. मी हळदीच्या पेठेतला माणूस. नातीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गृहपाठ कमी आणि ‘सुप्रभात’ जास्त येते, एवढीच माझी तक्रार.

आता क्षमायाचना. कार्यालयाच्या जाड भिंतींमुळे आत रेंज मिळत नाही. ती पाठीमागे आंब्याखाली मिळते. वायफाय काल रात्रीपर्यंत चालू होते. प्रोजेक्टर उसना आणला आहे, जपून वापरावा. निवासाला गरम पाणी सकाळी सातपर्यंतच येईल. गाद्या कमी पडल्या, तर दोष माझा.

हळदीचे व्यापारी, मंडपवाले, दोन वेळच्या जेवणाचा खर्च उचलणारे नाव न सांगणारे सद्गृहस्थ, रात्रभर जागून पाट्या रंगवणारी कॉलेजची मुले आणि पोळ्या लाटणाऱ्या भगिनी, सर्वांचा मी ऋणी आहे. घाटापाशी गाडी लावायला मुभा देणाऱ्या शेजाऱ्यांचाही. कुणाचे नाव राहिले असेल, तर त्यांनी मला चहाच्या वेळी गाठावे.

जेवणाची कुपने दाराशी मिळतील. उद्घाटकांचे भाषण होईपर्यंत सर्वांनी आपापले मोबाईल कृपया बंद ठेवावेत.